वाघूरकाठच्या गप्पा

गप्पा मारणे म्हणजे वेळ दवडणे, असे वडीलधारी मंडळी नेहमी म्हणतात. आणि असे म्हणणारी मंडळीच सायंकाळी पारावर सर्वांच्या आधी येऊन बसलेली असतात. आमच्या सोयगावात तरी हाच अनुभव येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, घाट उतरून खानदेशाकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. दक्षिणेस वेताळवाडीचा किल्ला, भोवताली कापसाची व मक्याची शेते. पारावरचे बोलणे पावसापासून सुरू होते, कापसाच्या भावावर येते, तेथून कबड्डीच्या नाही तर क्रिकेटच्या सामन्यावर जाते, आणि दिवेलागण झाली की आदल्या रात्री टीव्हीवर पाहिलेल्या मालिकेवर येऊन ठेपते. रोज तेच विषय आणि रोज तीच माणसे. तरी कोणी कंटाळत नाही.

या गप्पांनाही एक रीत असते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. आणि तेही एका परदेशी पाहुण्यामुळे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या मुलांची सहल घेऊन मी अजिंठ्याची लेणी पाहावयास गेलो होतो. ही जगप्रसिद्ध लेणी आमच्याच सोयगाव तालुक्यात, लेणापूर गावाच्या हद्दीत आहेत. जवळ असलेली वस्तू माणूस उद्या पाहू म्हणून ठेवून देतो, तसे आमच्या पुष्कळ मुलांचे झाले होते. त्यांनी ती पाहिलीच नव्हती. दुपारपर्यंत लेणी पाहून आम्ही खाली वाघूर नदीच्या काठी सावलीत शिदोऱ्या सोडल्या. जवळच एक वृद्ध इंग्रज गृहस्थ व त्यांच्या पत्नी विसावा घेत बसल्या होत्या.

मुलांनी त्यांस केव्हा गराडा घातला ते मला कळलेच नाही. मी पोहोचलो तेव्हा प्रश्नांचा वर्षाव चालू होता. तुमचे नाव काय? देश कोणता? वय किती? मुले किती? पगार किती मिळत असे? पाठ्यपुस्तकातून शिकलेली सर्व इंग्रजी वाक्ये मुले एका दमात खर्च करीत होती. ते गृहस्थ प्रत्येक प्रश्नाचे नम्रपणे उत्तर देत. परंतु उत्तर दिले की बोलणे तेथेच संपे. पाच मिनिटांत प्रश्नही संपले आणि सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. कचेरीत अर्ज लिहून घेणारा कारकून जशी माहिती विचारतो, तशी ती चौकशी झाली होती.

तेव्हा त्या गृहस्थांनी टोपी काढून घाम पुसला, आकाशाकडे पाहिले आणि म्हटले, “आज ऊन थोडेसे जास्त आहे, नाही का?”

वास्तविक ऊन थोडेसे नव्हते, अंग भाजून काढीत होते! मुले हसली. मी दुभाष्याचे काम पत्करले होते, म्हणून मीही हसत हसत म्हणालो, “थोडेसे आहे खरे.” आणि आश्चर्य असे की, येथून पुढे बोलणे जे सुरू झाले ते तास-दीड तास थांबले नाही.

दोन इंग्रज भेटले की आधी हवेविषयी बोलतात, हे आजचे निरीक्षण नव्हे. इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सन याने अठराव्या शतकातच ते नोंदवून ठेवले आहे. आपल्याकडेही ‘पाऊसपाणी कसे काय?’ असे विचारतातच. फरक इतकाच की, त्यांचा पाऊस बहुधा बोलण्यापुरता असतो आणि आपला पोटापुरता. परंतु दोन्हीकडे हेतू एकच. हवा ही कोणाच्याच मालकीची नसल्यामुळे तिच्याविषयी बोलताना कोणाच्याही घरात डोकावावे लागत नाही. पगार विचारणे म्हणजे दार न ठोठावता आत शिरणे. उन्हाविषयी बोलणे म्हणजे ओट्यावर बसणे. ओट्यावर बसलेल्या माणसास यजमान स्वतःच आत बोलावतो.

त्याप्रमाणे त्या गृहस्थांनी आपण होऊन सांगितले की, आपण मँचेस्टरचे. हे ऐकताच मागून तीन-चार मुले ओरडली, “मँचेस्टर युनायटेड!”

गृहस्थांचा चेहरा एकदम पडला. आपले काय चुकले ते मुलांना कळेना. त्यांच्या पत्नी मात्र तोंडावर रुमाल धरून हसू लागल्या. त्यांनी सांगितले, “ह्यांच्या घरी तीन पिढ्या मँचेस्टर सिटीच्या आहेत. आमच्या गावात हा प्रश्न फार जपून विचारतात!”

मँचेस्टर शहरात फुटबॉलचे दोन मोठे संघ आहेत. युनायटेड हा संघ 1878 साली रेल्वेच्या कामगारांनी ‘न्यूटन हीथ’ या नावाने काढला. त्याचे आजचे नाव 1902 सालचे. सिटी हा संघ एका चर्चच्या मंडळींनी 1880 साली उभारला व 1894 साली त्यास आजचे नाव मिळाले. एकाच गावचे हे दोन संघ. त्यामुळे एका घरात, एका कचेरीत, कधी कधी एकाच बाकावर दोन्ही बाजूंची माणसे बसलेली असतात. ज्यांना हे दूरचे वाटेल त्यांनी आपल्या कोल्हापुरास जावे. तेथील फुटबॉलचे संघ मूळच्या तालमींची व पेठांतील मंडळांची नावे अभिमानाने मिरवतात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम यांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठापेठांतून दुसरा विषय निघत नाही. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली. तीत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच कोल्हापूरचा.

मँचेस्टरशी सोयगावच्या मातीचेही नाते आहे, हे मी त्या गृहस्थांस सांगितले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या ओस पडू लागल्या. तेव्हा खानदेश-वऱ्हाडच्या कापसास तेथे एकाएकी मोठी मागणी आली. ते म्हणाले, “म्हणजे माझ्या पणजोबांच्या गिरणीत तुमचा कापूस आला असेल!” मुलांपैकी एकाने लगेच विचारले, “मग आमच्याकडून कापूस घेतला, तर फुटबॉल तरी आम्हाला शिकवा की!”

यावर त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. त्याच युद्धाच्या धामधुमीत, 1863 साली, फुटबॉलचे नियम ठरले, आणि ते मैदानावर ठरले नाहीत. लंडनमधील ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’ नावाच्या पथिकगृहात, टेबलाभोवती बसून ठरले. त्यापूर्वी इंग्लंडात प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा. कोठे चेंडू हातात धरून पळण्याची मुभा, कोठे मनाई. दोन शाळांचा सामना ठरला की अर्धा वेळ भांडणातच जाई. आपल्याकडे विटीदांडू खेळताना दुसऱ्या आळीतला मुलगा आला म्हणजे जे होते, तेच तेथे होत होते. अखेर 26 ऑक्टोबर रोजी निरनिराळ्या मंडळांचे प्रतिनिधी एकत्र आले व डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या. मोठा वाद होता तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारू द्यावी की नाही यावर! ब्लॅकहीथ नावाच्या मंडळाचे प्रतिनिधी म्हणाले की, लाथ काढून टाकली तर खेळातील शौर्यच जाईल. मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोकही तुम्हांस हरवतील. बहुसंख्यांनी लाथेस मनाई केली. ब्लॅकहीथची मंडळी उठून गेली. पुढे चेंडू हातात घेऊन पळण्याच्या त्यांच्या आवडत्या खेळाने रग्बी या नावाने आपली स्वतंत्र संघटना काढली. म्हणजे बोलणे फिसकटले तरी त्यातून दोन खेळांचा संसार वेगळा झाला आणि दोन्ही संसार आजवर सुखाने चालले आहेत.

“आणि तुमच्या आयुष्यातला सर्वांत मोठा गोल कोणता?” असे एका मुलाने विचारले. हा प्रश्न पाठ्यपुस्तकातील नव्हता. ते गृहस्थ सरसावून बसले.

30 जुलै 1966. लंडनचे वेम्बली मैदान. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांचे दोन-दोन गोल झाले होते आणि जादा वेळ चालू होता. जेफ हर्स्ट या इंग्लिश खेळाडूने मारलेला चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावर आपटला, सरळ खाली आला, रेषेपाशी पडला आणि बाहेर उसळला. चेंडू रेषेच्या आत पडला की रेषेवर? स्विस पंच गोंधळले. त्यांनी रेषापंच तोफिक बहरामोव्ह यांस विचारले. ते अझरबैजानचे. त्यांनी ‘गोल’ असा निर्णय दिला. पुढे हर्स्टने आणखी एक गोल केला आणि इंग्लंडने 4 विरुद्ध 2 असा विजय मिळवला. परंतु त्या तिसऱ्या गोलाचा वाद आजही मिटलेला नाही. आता गोलरेषेवर लक्ष ठेवणारी यंत्रे निघाली आहेत. तेव्हा ती नव्हती.

त्यांनी वाळूत काठीने रेषा ओढली व एक खडा ठेवून दाखवला. तत्काळ आमच्या मुलांत दोन तट पडले. ज्यांनी तो सामना पाहिला नाही, ज्यांचे आईवडीलही तेव्हा जन्मले नव्हते, ती मुले तावातावाने भांडू लागली. मी त्यांना आवरणार, तोच ते गृहस्थ म्हणाले, “असू द्या. मी व माझा भाऊ पन्नास वर्षे यावर भांडतो आहोत. तो म्हणतो गोल नव्हता. तो ऑस्ट्रेलियात असतो. दर रविवारी फोन येतो आणि पहिली पाच मिनिटे आम्ही याच गोलावर बोलतो.”

“मग एकदाचा निकाल लावून का टाकत नाही?” मी विचारले.

“निकाल लागला,” ते म्हणाले, “तर पुढच्या रविवारी बोलायचे काय?”

हे वाक्य मी अनेकदा मनात घोळवले आहे. दोघे म्हातारे भाऊ. आईवडील गेलेले, घर विकले गेलेले, मध्ये अर्धी पृथ्वी. ‘मला तुझी आठवण येते’ असे उघड बोलण्याची त्यांच्याकडे चाल नाही. आपल्याकडे तरी भावाभावांत कोठे आहे? तेव्हा त्यांनी आपली माया एका चेंडूच्या स्वाधीन केली होती.

आता पत्नीबाईंची पाळी होती. फुटबॉल फार झाला असे सुचवून त्यांनी विचारले की, येथील मुलांना चित्रपट कोणते आवडतात. मुलांनी नावांची रांग लावली. बाई म्हणाल्या, “आमच्याकडे एखादा चित्रपट फार आवडला तरी ‘वाईट नव्हता’ असे म्हणतात. ‘अप्रतिम’ म्हटले की समजावे, माणूस दुसऱ्या कोणत्या तरी देशातला आहे.” मला वाटते, यात थोडी अतिशयोक्ती असावी, परंतु बोलण्याची ही संयमी तऱ्हा मला आवडली. आपल्याकडे तर बरे वाटले तरी ‘एक नंबर’ आणि नाही वाटले तर ‘भंगार’; मधले शब्द आपण वापरतच नाही आणि मग ते गंजून जातात.

चित्रपटाचा विषय निघाला तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. मराठी माणूस आणि इंग्रज माणूस यांच्या चित्रपटाविषयीच्या गप्पांचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथाही पडद्यावर आणाव्यात असा ध्यास घेतला. आयुष्याचा विमा गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले व फेब्रुवारी 1912 मध्ये ते लंडनला जाऊन पोहोचले. तेथे त्यांच्या ओळखीचे कोणीही नव्हते. रस्त्याने हिंडत असता ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाची पाटी त्यांना दिसली. हे साप्ताहिक ते मुंबईस नियमित वाचीत असत. तेवढ्या ओळखीवर ते आत गेले आणि संपादकांस भेटले. केबर्न हे त्यांचे नाव.

केबर्नसाहेबांनी प्रथम त्यांस परावृत्तच केले. या धंद्यात इंग्लंडातील भलेभले बुडाले आहेत, हिंदुस्थानच्या हवेत हे काम साधणार नाही, असे ते म्हणाले. परंतु फाळके उठले नाहीत, बोलत राहिले. साप्ताहिकाचा वाचक म्हणून सुरू झालेले ते बोलणे तासाभरात असे रंगले असावे की, संपादकांचे मत पालटले. त्यांनी यंत्रसामग्रीच्या खरेदीत सल्ला दिला आणि सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याशी फाळक्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखवला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन फाळके 1 एप्रिल 1912 रोजी मायदेशी परतले. आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्या दिवशी लंडनमध्ये फाळके पाटी वाचून पुढे निघून गेले असते तर? चित्रपट कदाचित निघालाच असता, कारण फाळके हट्टी होते. पण किती पैसे व किती वर्षे खर्चून, कोण जाणे.

कॉरोनेशन हे नाव ऐकताच बाईंनी टाळी वाजवली. त्यांची आवडती टीव्ही मालिका ‘कॉरोनेशन स्ट्रीट’! मँचेस्टरकडच्या एका काल्पनिक गल्लीतील सामान्य माणसांची ही कथा 9 डिसेंबर 1960 रोजी सुरू झाली आणि तिचे नवे भाग आजही निघत आहेत. म्हणजे आपले महाराष्ट्र राज्य आणि ही मालिका एकाच वर्षीची. बाई म्हणाल्या, “ज्या दिवशी मी भाग पाहिलेला नसतो, त्या दिवशी शेजारीण दारातच विचारते, ‘पाहिलात का?’ मी नाही म्हटले की ती ओठ घट्ट मिटून घेते. पुढची गोष्ट फोडणे हे आमच्याकडे वाईट वागणे समजतात.”

मुलांनी मग आपापल्या मालिकांची वर्णने सुरू केली. मीही सांगितले की, 1987 सालच्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा रविवारी सकाळी गावातील एका टीव्हीपुढे सारी आळी बसत असे व रस्ते ओस पडत. सारे बोलत होते, हसत होते. केवळ एक मुलगा थोडा दूर, दगडावर, नदीकडे पाहत बसला होता.

बाईंचे लक्ष गेले. त्यांनी त्यास हाताने जवळ बोलावले. तेव्हा आमच्यातील एकजण म्हणाला, “सर, त्याला काय विचारता? त्याच्या घरी टीव्हीच नाही!” काही मुले हसली. मला हे भाषांतर करून सांगवेना. परंतु हसण्याचे भाषांतर करावे लागत नाही. त्या मुलाचे कान लाल झालेले सर्वांनी पाहिले.

सामाईक विषय माणसे जोडतात, तसा ज्याच्यापाशी तो विषय नसेल त्यास ते बाहेरही ठेवतात, ही गोष्ट मी तोवर विसरलोच होतो. मी काही बोलणार, इतक्यात बाईंनी त्यास विचारले, “तुला इथले कोणते चित्र आवडले?”

मुलगा लेणापूरकडच्या वस्तीवरचा. शिक्षणासाठी सोयगावात मामाकडे राहणारा. त्याच्या आजोबांनी पूर्वी लेण्यांत पहारेकऱ्याचे काम केले होते, हे मला त्या दिवशी कळले. तो हळूच म्हणाला, “सतराव्या लेण्यातला सहा दातांचा हत्ती.” आणि मग तो सांगू लागला.

हिमालयात एका सरोवराकाठी हत्तींचा राजा होता, त्याचे नाव छद्दंत. त्यास दोन राण्या. त्यांतील एकीला वाटले की, राजाचे आपल्यावर प्रेम कमी. ती झुरून मेली आणि पुढच्या जन्मी काशीची राणी झाली. पण मागचा राग विसरली नाही. तिने शिकारी बोलावले व सांगितले, “त्या हत्तीचे दात मला आणून द्या.” एक शिकारी डोंगर, अरण्ये ओलांडून निघाला. सरोवराकाठी त्याने खड्डा खणला, वर फळ्या टाकल्या, आत लपला. हत्ती पाण्यावर आला. शिकाऱ्याने विषारी बाण लावला, दोरी कानापर्यंत ओढली—

हे सांगताना मुलाने खरोखरच दोरी ओढली. मी वाक्यावाक्यास भाषांतर करीत होतो. माझाही श्वास अडकला. गृहस्थ हातातला चहा पिण्याचे विसरले. आणि तो मुलगा थांबला.

“पुढे?” बाई म्हणाल्या.

मुलाने त्यांच्याकडे पाहिले आणि गंभीरपणे म्हटले, “पुढची गोष्ट फोडू नये म्हणतात ना? वर भिंतीवर आहे.”

क्षणभर शांतता पसरली, आणि मग ते गृहस्थ इतके मोठ्याने हसले की पलीकडच्या झाडावरची माकडे दचकली. ते उठले, टोपी डोक्यावर घातली, आणि पत्नीचा हात धरून पुन्हा पायऱ्या चढण्यास निघाले. जाता जाता त्यांनी मला बाजूस घेऊन सांगितले की, दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1819 साली खांबावर कोरलेले आपले नाव त्यांनी पाहिले आणि त्यांना फार लाज वाटली. “स्वतःची ओळख करून देण्याची ती रीत नव्हे,” ते म्हणाले, आणि त्या मुलाचे नाव विचारून आपल्या वहीत लिहून घेतले.

परतीच्या वाटेवर बस फर्दापूर सोडून सोयगावच्या रस्त्यास लागली, तोवर त्या मुलाच्या आसनाभोवती सारी बस गोळा झाली होती. जो मुलगा ‘टीव्हीच नाही’ म्हणाला होता, तो सर्वांत पुढे होता.

“सांग ना रे, बाण लागला का? मेला का हत्ती? आणि राणीला दात मिळाले का?”

तो खिडकीबाहेर पाहत मंद हसत होता.

अभ्यास

1. मुलांचे प्रश्न संपताच बोलणे का थांबले? उन्हाविषयीच्या एका वाक्याने ते पुन्हा कसे सुरू झाले?
2. ‘निकाल लागला तर पुढच्या रविवारी बोलायचे काय?’ या उद्गारामागील भावना आपल्या शब्दांत लिहा.
3. तुमच्या खेळातील एखादा नियम शेजारच्या गावात निराळा आहे काय? दोन्हीकडच्या मुलांची बैठक भरली आहे, अशी कल्पना करून संवाद लिहा.
4. छद्दंत हत्तीची उरलेली गोष्ट मिळवा व वर्गात सांगा. परंतु एका ठिकाणी थांबा.